स्तेर्गिओस पडला नव्हता

उट्रेख्त, १२ मार्च २००५

प्रिय मोहनमामा,

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मामी तुमच्या कानाशी ओरडून सांगते. त्यापेक्षा हे बरं. शिवाय तुम्ही हेडमास्तर, शुद्धलेखनाच्या चुका काढायला तुम्हाला काहीतरी हवंच.

बातमी अशी की मला नोकरी लागली. प्रसन्न सकाळी सातला आर्नहेमच्या ऑफिसला निघतो, मृण्मयी शाळेत, आणि मी तीन वर्षं खिडकीतून कालव्यातली बदकं मोजत होते. एकदा बाजारात एका वांग्यावर माझा आणि एका बाईंचा एकदमच हात पडला. त्या फोतिनी. साठीच्या, ग्रीक, लोम्बोकमध्ये म्हणजे आमच्याच भागात त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, झीसिसचं, रेस्टॉरंट आहे. आता रोज सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरते. दोघींचं डच सारखंच मोडकं, म्हणून आमचं जमतं.

इथे ग्रीक खूप आहेत, मामा. चौसष्ट-पासष्ट साली पोलादाच्या कारखान्यासाठी गावागावांतून तरुण पोरं निवडून आणली. निवडणाऱ्या डॉक्टरने दात आणि तळहात तपासले, बाजारात बैल तपासतात तसे. एका खोलीत सहा जण. दोन वर्षांत परत जायचं म्हणून आले होते. आता नातवंडं रविवारच्या शाळेत ग्रीक मुळाक्षरं गिरवतात आणि आजीला डचमध्ये उत्तर देतात. आमच्या मृण्मयीसारखंच.

सगळ्यात गंमत म्हणजे त्यांचे कॅफेनियो. म्हातारे पुरुष तिथे कॉफी पीत पत्ते खेळतात. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन आहेत. एक झीसिसच्या माणसांचा, दुसरा स्तेर्गिओस नावाच्या म्हाताऱ्याच्या माणसांचा. दोघं एकाच डोंगरी गावचे, एकाच गाडीने इथे आले, आणि अडुसष्ट सालापासून एकमेकांशी बोललेले नाहीत! गेल्या वर्षी ग्रीसने फुटबॉलचा युरोपियन कप जिंकला तेव्हा दोन्हीकडची माणसं रस्त्यावर नाचली, पण रस्त्याची मधली रेघ कोणी ओलांडली नाही. का, ते फोतिनी सांगत नाही. खरं सांगू, बघायला मजा येते.

तुमची
विशाखा


पुणे, २८ मार्च २००५

चि. विशाखा,

पत्र दोनदा वाचलं. चुका तीन, मागच्या पत्रापेक्षा कमी.

नोकरीचं ऐकून आनंद झाला. ज्यांनी जगाला लोकशाही शिकवली त्यांचे वंशज चाळीस वर्षं पत्त्यांच्या दोन टेबलांवर भांडताहेत हे वाचून मामीला फार हसू आलं. भाऊबंदकी काय आपल्याच सातबाऱ्यावर लिहिलेली नाही तर! बहुधा बांध, नाहीतर बायको, असंच काहीतरी असेल. तू विचारून ठेव. म्हाताऱ्या माणसांना विचारलेलं आवडतं. न आवडल्याचा आम्ही नुसता आव आणतो.

तुझा
मोहनमामा


उट्रेख्त, ४ मे २००५

मामा,

अक्षर वाईट आलंय, समजून घ्या.

ग्रीकांचा ईस्टर इथल्या ईस्टरनंतर येतो, यंदा एक मेला होता. त्यांच्या समाजाचं सभागृह म्हणजे एक जुनी शाळा. तिच्या मागच्या अंगणात विटांची लांब चर रचून निखारे केले होते आणि वर लोखंडी सळईवर अख्खी मेंढी फिरत होती. चाळीसेक माणसं, नाचणारी पोरं. मी आतल्या ओट्याशी, खिडकीसमोर कांदे चिरत होते. अंगण माझ्यापासून चार पावलांवर.

दुपारी दोनच्या सुमाराला स्तेर्गिओस आला. सूट घातलेला, एकटा. गाणं थांबलं. त्याच्या हातात लाल रंगवलेलं अंडं होतं. ते लोक त्या दिवशी अंड्यावर अंडं आपटतात, ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं. त्याने ते झीसिससमोर धरलं. झीसिसने आधी फडक्याला हात पुसले. मग त्यानेही टोपलीतलं एक उचललं. टक्क आवाज झाला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले, कोणीतरी रडायलाही लागलं. फोतिनीने माझा दंड घट्ट धरला होता.

मग स्तेर्गिओस हळू आवाजात काहीतरी बोलला. एक-दोन वाक्यंच. मला त्यातलं फक्त एक नाव कळलं, अर्गिरिस.

झीसिसने बाजूला ठेवलेली दुसरी सळई उचलली. पहिला घाव खांद्यावर. स्तेर्गिओसने हात वर केला नाही. दुसरा डोक्यावर, कानाच्या वर. ओल्या लाकडाचा ओंडका फोडताना येतो तसा आवाज आला. तो आडवा निखाऱ्यांवर पडला, उजवा हात कोपरापर्यंत आत. मामा, मांसाचा वास आधीपासूनच येत होता. तो बदलला. फोतिनी धावली, तिने त्याला कोटाला धरून ओढलं, आणि तिचे तळहातही भाजले. झीसिस सळई धरून उभाच होता. एका माणसाने ती त्याच्या हातातून काढून घेतली, नळाखाली धुतली आणि परत भिंतीला लावून ठेवली.

अँब्युलन्स आली, पोलिस आले. चाळीस माणसांनी एकच सांगितलं, म्हातारा ठेच लागून पडला. मला विचारलं तेव्हा फोतिनी माझ्याकडे बघत होती, भाजलेले हात बर्फात बुडवून.

मी म्हणाले, “मी कांदे चिरत होते. डोळ्यांत पाणी होतं. काही दिसलं नाही.”

विशाखा


पुणे, १५ मे २००५

चि. विशाखा,

तू खोटं बोललीस. एका माणसाचं डोकं फोडलेलं तू पाहिलंस आणि पाहिलं नाही म्हणालीस. तू माझ्या बहिणीची मुलगी आहेस, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. उद्याच्या उद्या पोलिसांकडे जा आणि जे पाहिलं ते सांग. नोकरी दुसरी मिळेल. माणसाने एकदा अशा वेळी मान खाली घातली की ती पुन्हा वर होत नाही. मी शाळेत हेच शिकवत आलो.

मामा


उट्रेख्त, २७ मे २००५

मामा,

तुमचं पत्र प्रसन्नने वाचलं आणि फ्रिजवर ठेवून दिलं. तो म्हणतो, “कायमच्या परमिटला लागणारी पाच वर्षं पूर्ण व्हायला अजून दोन आहेत. परमिट माझ्या नावावर, तू माझ्या परमिटवर. कोर्टात आपलं नाव कशाला?” त्याचं चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

स्तेर्गिओस अजून शुद्धीवर नाही. फोतिनीने मला अर्गिरिसचं सांगितलं. ती कोबीची पानं वाफवत होती, माझ्याकडे पाठ करून. अर्गिरिस झीसिसचा धाकटा भाऊ, तोही इथेच कारखान्यात. सदुसष्टला ग्रीसमध्ये लष्करातल्या कर्नलांनी सत्ता घेतली. त्यांच्याविरुद्ध अ‍ॅमस्टरडॅमला मोर्चा निघाला, त्यात हे दोघं भाऊ होते. कारखान्यात कर्नलांचा एक माणूस फिरायचा, नावं गोळा करत. पुढच्या उन्हाळ्यात आई आजारी म्हणून अर्गिरिस गावी निघाला. सरहद्दीवर त्याला गाडीतून उतरवलं. बाकाला बांधून तळपायांवर लोखंडी नळीने मारत राहिले, रोज, तीन आठवडे. त्याच्या पायांत बूट तसेच ठेवून मारायचे, म्हणजे पाय सुजले की बूट निघू नयेत. चार महिन्यांनी सोडलं तेव्हा तो गुडघ्यांवर घरात आला. वसंतात गेला. झीसिसला भावाला मातीही देता आली नाही, यादीत त्याचंही नाव होतं.

नाव कोणी दिलं असेल याचा सगळ्यांना संशय होता. कोणी मोठ्याने बोललं नाही. इथे राहायचं होतं ना सगळ्यांना.

आता तुम्ही सांगा, मी कोणाच्या बाजूने बोलू?

आणि मामा, एक राहवत नाही. आई जायच्या दोन दिवस आधी मला म्हणाली होती, आमचा विनायककाका घर कोसळून गेला नाही, त्याला मारलं, आणि ते दादाला माहीत होतं. फौजदाराने विचारलं तेव्हा दादा गप्प बसला. दादा म्हणजे तुम्ही. मान खाली-वरचं मला कुठल्या तोंडाने लिहिलंत?

विशाखा


पुणे, १४ जून २००५

चि. विशाखा,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहून फाडलं.

तुझी आई तेव्हा सहा वर्षांची होती. मी एकोणीस. सांगलीला कॉलेजात होतो, सुट्टीला गावी आलो होतो. गांधीजींचा खून झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली. काही बाहेरगावची, काही आमचीच. ब्राह्मणांची घरं कुठली ते दाखवायला आमचीच लागणार. आधी पाटावरच्या मास्तरांचं घर पेटलं, मग आमचं. आईने तुझ्या आईला उचललं आणि सगळी बायकामाणसं मागच्या दाराने ओढ्याकडे गेली. वडील परगावी गेलेले. विनायककाका, वडिलांचा धाकटा भाऊ, अठ्ठावीस वर्षांचा, तालमीत घुमणारा. मुलगी झाली होती त्याला, नीलांबरी, पाच महिन्यांची. तो सगळ्यांना ओढ्यापर्यंत पोचवून परत आला, कारण गोठ्यात गाय बांधलेली होती.

मी गोठ्यामागे कडब्याच्या गंजीआड होतो. काकाने गाय सोडली, ती जळत्या शेपटीने उधळली. तो बाहेर आला तेव्हा समोर आनंदा होता. आनंदा काकाचा तालमीतला जोडीदार. रोज एकमेकांच्या अंगाला माती लावायचे ते दोघं. आनंदाच्या हातात कुऱ्हाड होती, त्याने ती उलटी धरून बोथट तुंब्याने मारलं. मानेवर, मग डोक्यावर. काका उंबऱ्यात पडला आणि थोड्या वेळाने वरचे वासे खाली आले. घर कोसळलं हे खोटं नव्हे, तेवढंच आम्ही सांगत आलो.

दोन दिवसांनी फौजदाराने चावडीसमोर अकरा माणसं उभी केली. आनंदा तिसरा. मला म्हणाला, “ओळख.” मी म्हणालो, “धूर फार होता.”

आम्ही दुसऱ्या दिवशी बैलगाडीने गाव सोडलं ते सोडलंच. तिथे राहायचंसुद्धा नव्हतं आम्हाला. पुढे मी स्वतःला सांगितलं की मी दया केली, आनंदाला दोन लहान पोरं होती, सूड कशाला. मामीलाही असंच सांगितलं. तिला ते फार मोठेपणाचं वाटलं. विशाखा, दया नव्हती ती. आनंदा माझ्याकडे बघत होता आणि मला त्याची भीती वाटली.

तो शहाऐंशी साली म्हातारा होऊन मेला.

मागच्या पत्रातलं सगळं खोडून टाक. तू काय करावंस हे मी सांगणार नाही. मला ते विचारूही नकोस.

मोहनमामा


उट्रेख्त, ९ जुलै २००५

मामा,

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि पोलिस स्टेशनला गेले. प्रसन्नला सांगितलं नाही. एक पोलिस बाई होती. मी म्हणाले, मला माझा जबाब बदलायचा आहे. तिने फाईल उघडली आणि म्हणाली, “तो गृहस्थ आठवड्यापूर्वी शुद्धीवर आला. तो स्वतःच म्हणतो की मी पडलो. तुम्हाला अजून काही सांगायचं आहे का?”

मामा, मी उठून येऊ शकले असते. ज्याला मारलं तोच नाही म्हणतोय, मग मी कोण? मी म्हणाले, “तो पडला नव्हता.” आणि सगळं सांगितलं, सळई नळाखाली धुतली तेसुद्धा.

झीसिसला त्याच दुपारी नेलं. संध्याकाळी फोतिनी दारात आली. हातांवरची कातडी अजून गुलाबी आहे तिच्या. मी या म्हणायच्या आत तिने माझ्या कानशिलात मारली. मग दुसऱ्या गालावर. मृण्मयी जिन्यात उभी होती. फोतिनी ग्रीकमध्ये ओरडत होती, आणि मधेच डचमध्ये म्हणाली, “तुला मी वांगी निवडायला शिकवलं!” मग तिथेच जिन्यावर बसली आणि हात मांडीवर उताणे ठेवून रडली. मी पाणी आणलं, ते तिने सांडलं.

तीन दिवसांनी, भर दुपारी, खिडकीतून वीट आली. मृण्मयी शाळेत होती. तिच्या पलंगावर काचा. चादर झटकताना एक तुकडा माझ्या तळहातात गेला, सात टाके पडले.

प्रसन्न चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने रजा काढली आणि म्हणाला, “चल, विटेची तक्रार द्यायला. माझ्या नावाने देतो.” वाटेत एवढंच म्हणाला, “मला आधी सांगायला हवं होतंस.” ते त्याचं बरोबर होतं.

विशाखा


उट्रेख्त, ३० ऑक्टोबर २००५

मामा,

जुलैपासून तुमचं पत्र नाही. मामी फोनवर म्हणते तब्येत ठीक आहे, नुसते बसून असतात. मी काही चुकीचं लिहिलं असेल तर रागवा, पण लिहा.

खटला परवा संपला. आम्ही दोघं गेलो होतो. एका बाजूला झीसिसची माणसं, दुसऱ्या बाजूला स्तेर्गिओसची. मी आणि प्रसन्न कुठे बसावं ते न कळून दाराशी उभे.

स्तेर्गिओसला चाकाच्या खुर्चीतून आणलं. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली आहेत. न्यायाधीश बाईंनी तीनदा विचारलं, दुभाष्याने तीनदा सांगितलं, तो तीनदा म्हणाला, “मी पडलो.”

मग झीसिस उठला. त्याला बस म्हणाले तरी बसला नाही. दुभाष्याला हाताने गप्प केलं आणि कारखान्यात शिकलेल्या डचमध्ये बोलला. “तो पडला नाही. मी मारलं. दोनदा. माझ्यावर उपकार नको करू म्हणावं त्याला.”

“का मारलंत?”

“त्याने माझ्या भावाचं नाव दिलं. ईस्टरला मला येऊन सांगितलं. मला माहीत होतंच, पण त्याने सांगितलं.”

न्यायाधीश बाईंनी भावाचं पूर्ण नाव विचारलं. टाइप करणाऱ्या मुलीला ते जमेना. तेव्हा झीसिसने एकेक अक्षर सांगितलं. सावकाश, मुलांना शुद्धलेखन घालतात तसं. ती टाइप करत होती आणि दोन्ही बाजूंची म्हातारी माणसं ऐकत होती. सदतीस वर्षांत ते नाव दोघांसमोर एकदम कोणी उच्चारलं नव्हतं. मग स्तेर्गिओस खुर्चीतून म्हणाला, आणि दुभाष्याने खाली बघत सांगितलं: “मी दिलं. माझा पासपोर्ट अडवला होता. बायकोला आणायचं होतं. वाटलं, नुसते प्रश्न विचारतील. ती जानेवारीत गेली. आता मला घरात कोणापासून लपवायचं नव्हतं.”

झीसिसला तीन वर्षांची शिक्षा झाली. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, स्तेर्गिओसकडेही नाही. फोतिनी माझ्या जवळून गेली. तिच्या कोटाची बाही माझ्या हाताला लागली, तेवढंच.

रेस्टॉरंट बंद आहे. रविवारची शाळा चालू आहे, पण निम्म्या आया मुलांना पाठवत नाहीत. मी डीमन गावातल्या एका पाळणाघरात अर्ज केलाय. मी बरं केलं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. सांगितल्याचा पश्चात्ताप मात्र होत नाही.

विशाखा


पुणे, २० नोव्हेंबर २००५

चि. विशाखा,

मी रागावलो नव्हतो. जुलैतलं तुझं पत्र आल्यापासून मला एका ठिकाणी जायचं होतं आणि पाय निघत नव्हते. तुझं खटल्याचं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी एसटीत बसलो आणि सांगलीला गेलो. नीलांबरीकडे. विनायककाकाची पाच महिन्यांची मुलगी आता अठ्ठावन्न वर्षांची आहे, शाळेतून निवृत्त होऊन एकटीच राहते. दर दिवाळीला मला फराळ पाठवते.

“मोहनदादा, आधी कळवायचं तरी,” म्हणत तिने पोहे टाकायला घेतले. मी म्हणालो, नको, बस. आणि सांगितलं. आनंदाचं नाव, कुऱ्हाड, चावडी, धूर. तिला आयुष्यभर माहीत होतं ते असं, की बाबा गाईसाठी आत गेले आणि घर कोसळलं.

ती रडली नाही. तिने विचारलं, “मारताना बाबा काही बोलले का?”

विशाखा, तुला लिहिताना हे मी गाळलं होतं. पहिला घाव मानेवर बसला तेव्हा काका खाली गेला नाही, गुडघ्यावर आला. त्याने मला गंजीआड पाहिलं होतं. आमच्यात वीस पावलं होती. माझ्या हाताशी कडब्याला टेकवलेला गाडीचा खुंटा होता. दुसऱ्या घावाच्या आधी तो ओरडला, “मोहन, ये!” मी गेलो नाही.

हे मी तिला सांगितलं.

“तुमचं नाव घेतलं?” ती म्हणाली.

“हो.”

“आईचं नाही? माझं?”

“नाही. माझंच.”

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन तिने माझी पिशवी आणि छत्री माझ्या हातात दिली, चपला दाराकडे वळवून ठेवल्या आणि म्हणाली, “दादा, आता तुम्ही जा.”

यंदाचा फराळ मी जायच्या आधीच आला होता. पुढच्या दिवाळीला येणार नाही.

तुझ्या अर्जाचं काय होतं ते कळव, आणि मृण्मयीला पत्रात चार ओळी लिहायला लाव, चुकांसकट.

मोहनमामा